पाठीवरची ढाल

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचे वडिलोपार्जित शेत आहे आणि त्याच्या बांधावर मोगली एरंडाचे जुने कुंपण आहे. जनावरे या झाडाला तोंड लावत नाहीत आणि नुसती फांदी तोडून खोचली तरी ती जीव धरते, म्हणून आमच्या भागात कुंपणासाठी ते पूर्वीपासून लावले जाते. भाद्रपदाच्या सुमारास त्याला फळांचे हिरवे घोस धरले की त्या घोसांवर चमकदार किड्यांची दाटी होते. करंगळीच्या नखाएवढे, अंगावर काळे ठिपके असलेले हे किडे उन्हाच्या कलाप्रमाणे कधी हिरवे, कधी निळे, तर कधी जांभळट दिसतात. लहानपणी आम्ही भावंडे त्यांना सोनकिडे समजून काड्यापेटीत ठेवत असू. काकी मात्र लांबूनच म्हणायची, "ते सोनकिडं न्हाईत रं, ढेकणं हाईत ती. हातात धरू नकोस, वास जात न्हाई."

काकी शाळेत गेलेली नव्हती, पण कीटकशास्त्राच्या दृष्टीने तिचे म्हणणे अचूक होते आणि आमचे चुकीचे. सोनकिडा हा भुंगेऱ्यांच्या गणातला. भुंगेऱ्याच्या पाठीवर पुढच्या दोन पंखांची कठीण झाकणे झालेली असतात आणि ती एकमेकांना जिथे भिडतात तिथे पाठीच्या मध्यावर एक सरळ रेघ दिसते. कुंपणावरच्या त्या किड्याची पाठ अखंड असते; तिच्यावर अशी रेघ नसते, कारण ती पंखांची झाकणे नसतातच. छातीच्या मधल्या खंडाचा एक भाग मागे वाढत जाऊन त्याची ढाल झालेली असते आणि पंख त्या ढालीखाली घडी करून ठेवलेले असतात. या भागाला शास्त्रात स्क्युटेलम म्हणतात. किडा उलटा केला की दुसरी खूण मिळते. भुंगेऱ्याला चावण्यासाठी जबडे असतात, तर याच्या डोक्याखालून एक बारीक सोंड निघून पायांच्या मधून मागे दुमडलेली असते. तिसरी खूण वाढीची आहे. भुंगेरा अळी आणि कोष या अवस्थांतून जातो. या किड्याची पिल्ले अंड्यातून निघतात तीच सोंड घेऊन, पाच वेळा कात टाकतात आणि पाचव्या कातेनंतर पूर्ण पंखांसह बाहेर पडतात. मधे कोष नाही.

ढाल, सोंड आणि कोषाशिवायची वाढ या तीन खुणा ज्याने एकदा नीट पाहिल्या, तो पुन्हा भुंगेरा आणि ढालकिडा यांत गोंधळत नाही. इंग्रजीतले शील्ड बग हे नाव याच ढालीवरून आले आहे. मराठीत त्याला सर्वमान्य नाव नाही, म्हणून मी ढालकिडा म्हणतो. आपल्याकडच्या बोलीत मात्र तो ढेकूण, आणि या शब्दाविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण कीटकांच्या वर्गीकरणाचा निम्मा इतिहास त्या एका शब्दात सामावलेला आहे असे मला वाटते.

स्वीडनच्या कार्ल लिनीअसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन पदांची नावे दिली, तेव्हा अंथरुणातल्या ढेकणाला त्याने सायमेक्स लेक्टुलॅरियस म्हटले आणि शेतातल्या हिरव्या ढालकिड्याला सायमेक्स विरिड्युलस. म्हणजे लिनीअसच्या लेखी दोघांची प्रजाती, म्हणजे नावाचे पहिले पद, एकच होती. चपटे अंग, सोंड आणि उग्र वास पाहून माझ्या काकीने जे केले, तेच त्यानेही केले होते. हिरवा किडा पुढे सायमेक्समधून बाहेर पडून नेझारा विरिड्युला झाला. ढेकूण सायमेक्समध्येच राहिला. मधल्या काळात लिनीअसचा शिष्य फॅब्रिशियस याने १७७५ मध्ये कीटकांची मांडणी मुखांगांवरून केली आणि सोंडवाल्यांचा स्वतंत्र गट केला. फ्रान्सच्या लात्रेयने १८१० मध्ये त्यांतल्या अर्धवट पंखवाल्यांना हेटेरोप्टेरा हे नाव दिले. यांचा पुढचा पंख बुडाशी चामड्यासारखा जाड आणि टोकाशी पातळ पडद्यासारखा असतो, म्हणून 'वेगवेगळ्या पोताच्या पंखांचे' अशा अर्थाचे हे नाव आहे. १८१५ मध्ये लीच याने पेंटाटोमिडी हे कुळ मांडले. पेंटा म्हणजे पाच. या किड्यांच्या मिशांना पाच पेरे असतात. हेटेरोप्टेरातल्या बहुतेक किड्यांच्या मिशा चार पेऱ्यांच्या असल्यामुळे ही खूण साध्या भिंगाखालीही उपयोगी पडते.

आज ढेकूण आणि ढालकिडा हे हेटेरोप्टेराच्या दोन निरनिराळ्या शाखांत आहेत. ढेकणाच्या शाखेत शिकारी किड्यांची मोठी घराणी आहेत, तर ढालकिड्यांच्या शाखेत पोटाच्या खालच्या बाजूला विशिष्ट जागी उभे असणारे बारीक जाणीवकेस ही ओळख आहे. या शाखेत ढालकिड्यांचे पेंटाटोमॉइडिया हे महाकुळ येते आणि त्यात सात हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या पेंटाटोमिडी कुळात आहेत. आमच्या कुंपणावरचे रंगीत किडे क्रायसोकोरिस प्रजातीचे असून त्यांचे कुळ स्क्युटेलरिडी आहे. विल्यम डिस्टंट याने १९०२ साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेत या किड्यांवर पहिला मोठा खंड लिहिला, तेव्हा त्याने या सगळ्यांना पेंटाटोमिडीचीच उपकुळे मानले होते. आता त्यांतली बरीचशी स्वतंत्र कुळे मानली जातात. भारतातला ढालकिडा ओळखायला बसणाऱ्याला शंभर वर्षांनंतरही डिस्टंटचा तो खंड उघडावा लागतो, मात्र कुळांची नावे मनात बदलून घ्यावी लागतात.

वासाबद्दल काकीने दिलेली सूचना मी लहानपणी कधी पाळली नाही आणि त्यामुळे तो वास मला चांगला आठवतो. पहिल्या क्षणी तो कोथिंबिरीसारखा येतो आणि मग असह्य होतो. हे साम्य खरे आहे. कोथिंबिरीच्या पानांत आणि अनेक ढालकिड्यांच्या द्रवात ट्रान्स-२-डेसेनाल हे एकच संयुग असते. ढेकणाच्या वासातली ट्रान्स-२-हेक्सेनाल आणि ट्रान्स-२-ऑक्टेनाल ही संयुगेही त्याच घराण्यातली. धण्याच्या झाडाचे युरोपीय नाव ढेकणासाठी असलेल्या कोरिस या ग्रीक शब्दावरून आले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. तेव्हा ढेकूण, ढालकिडा आणि कोथिंबीर यांचे नाते माणसाच्या नाकाने फार पूर्वी आणि दूरदूरच्या मुलखांत ओळखले होते.

या वासग्रंथींची रचना मला विलक्षण वाटते. पिल्लांच्या ग्रंथी पोटाच्या वरच्या बाजूला, म्हणजे पाठीवर उघडतात. प्रौढ झाल्यावर पाठ पंखांनी आणि ढालीने झाकली जाते, आणि मग काम करणारी ग्रंथी छातीच्या खाली, मधल्या व मागच्या पायांच्या बुडाजवळ उघडते. त्या छिद्राभोवतीची जागा गुळगुळीत नसून सूक्ष्म उंचवट्यांनी खडबडीत झालेली असते, त्यामुळे बाहेर आलेला द्रव तिथेच पसरून सावकाश उडतो आणि किड्याच्या स्वतःच्या अंगभर जात नाही. काही जातींत हाच द्रव अत्यल्प प्रमाणात असला तर पिल्ले एकत्र येतात आणि जास्त सुटला तर पांगतात. एकाच वासाचे दोन अर्थ, आणि फरक केवळ मात्रेचा.

कोल्हापूर आणि आसपासच्या भागात ही कुळे पाहायला फार लांब जावे लागत नाही. वळवाचा पहिला जोराचा पाऊस झाला की त्या रात्री घराच्या दिव्याखाली काळे, चकचकीत, उडदापेक्षा थोडे मोठे किडे येऊन आपटतात. ते सिड्निडी कुळातले, जमीन उकरणारे ढालकिडे. त्यांच्या नडग्यांवर जाड काटे असतात, त्यांनी ते माती उकरतात आणि मुळांचा रस शोषतात. काही भागांत भुईमुगाला त्यांचा उपद्रव होतो. झाडांच्या खोडावर हॅलिस हा पेंटाटोमिडीतला ढालकिडा सापडतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातल्या जुन्या झाडांच्या साली मी अनेकदा तासतासभर न्याहाळल्या आहेत आणि नजर ज्याच्यावरून चार वेळा गेली तोच सालीचा तुकडा पाचव्या वेळी चालू लागला, असा अनुभव मला तिथे आला आहे. लांबट डोके, खडबडीत कडा आणि राखाडी-तपकिरी शिंतोडे यांमुळे तो सालीत पूर्ण मिसळून जातो.

परसातल्या दोडक्याच्या आणि भोपळ्याच्या वेलावर कोरिडियस जेनस हा डायनिडोरिडी कुळातला नारिंगी-तांबडा, काळ्या डोक्याचा किडा येतो. त्याच वेलावर येणारा तांबडा भुंगा शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे, आणि दोघांचा रंग जवळचा असल्यामुळे एकाच्या नावाने दुसऱ्यावर औषध मारले जाते. इथे वर्गीकरण कागदावर राहत नाही. तांबडा भुंगा जबड्याने पानाला भोके पाडतो. कोरिडियस पानाला भोक न पाडता देठातला आणि खोडातला रस ओढतो. पानावर बसून पोटात गेल्यावर काम करणारे विष रस शोषणाऱ्याच्या पोटात जातच नाही. पान फाटले आहे की नुसते मलूल झाले आहे, हे आधी पाहिले तर फवारणीपूर्वीच निम्मे उत्तर मिळते. वेल मोजके असतील तर सकाळच्या गारव्यात हे मंद किडे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे मला अधिक योग्य वाटते.

सोयाबीनच्या शेंगा भरताना नेझारा विरिड्युला येतो. पूर्ण वाढलेला किडा पानाच्या रंगाचा हिरवा, पण त्याची पिल्ले काळी, पांढऱ्या आणि तांबूस ठिपक्यांची. त्यामुळे ती याच किड्याची आहेत यावर पुष्कळ जणांचा विश्वास बसत नाही. सोंडेच्या म्यानात सुयांसारखे चार तंतू असतात. त्यांतले आतले दोन जुळून दोन नळ्या तयार होतात: एकीतून लाळ दाण्यात जाते, दुसरीतून विरघळलेला रस वर येतो. शेंग बाहेरून शाबूत दिसते आणि आतला दाणा सुरकुतलेला निघतो. नर आणि मादी एकमेकांना शोधतात ते आवाजाने, पण तो आवाज हवेतून जात नाही. पोट थरथरवून ते सेकंदाला सुमारे १०० कंपनांच्या सुरात झाडाच्या खोडाला हेलकावे देतात, आणि दुसऱ्या फांदीवरचा किडा ती कंपने पायांनी ऐकतो. सोयाबीनच्या शांत दिसणाऱ्या शेतात देठादेठातून हे संभाषण चालू असते, हे समजल्यापासून मी त्या शेतातून पूर्वीसारखा चालू शकलेलो नाही.

त्याच सोयाबीनवर खांद्यांना टोकदार काटे असलेला एक तपकिरी ढालकिडा दिसला तर त्याला मारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो इओकँथेकोना फर्सेलाटा, म्हणजे अळ्यांचा शिकारी. पेंटाटोमिडीतल्या ॲसोपिनी या उपकुळाने रसशोषणाची सोंड शिकारीला लावली. यांची सोंड जाड असते आणि तिचे पहिले पेर मोकळे असल्यामुळे ती सरळ पुढे रोखता येते. पहिल्या अवस्थेतली पिल्ले झाडाच्या ओलाव्यावर राहतात आणि दुसऱ्या अवस्थेपासून स्वतःहून कितीतरी मोठ्या अळ्यांना सोंड टोचून शोषू लागतात. टसर रेशमाच्या रानात हाच किडा रेशमाच्या अळ्या मारतो म्हणून तिथे तो शत्रू गणला जातो, आणि सोयाबीनमध्ये तंबाखूची पाने खाणारी अळी मारतो म्हणून मित्र. सोंडेची जाडी पाहण्याची सवय लावून घेतली तर हा फरक उभ्या शेतात, भिंगाशिवाय ओळखता येतो.

पावट्यावरच्या मेगाकोप्टाबद्दल न लिहिता मला पुढे जाता येणार नाही. कोल्हापूरकरांना पावटा प्रिय आहे, आणि त्याच्या कोवळ्या वेलावर हिरवट-पिवळे, वाटोळे, मुगाच्या दाण्याहून थोडे मोठे किडे गर्दी करून बसतात हे भाजी निवडणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. त्यांचे कुळ प्लॅटास्पिडी. यांची ढाल इतकी वाढलेली असते की सगळे पोट तिच्याखाली झाकले जाते, आणि पुढचे पंख अंगापेक्षा लांब असल्यामुळे ते मधोमध दुमडून ढालीखाली बसवावे लागतात. यांची मादी अंडी घालताना त्यांच्या खाली लहान तपकिरी पुड्या ठेवते. त्या पुड्यांत तिच्या आतड्यातले इशिकावेला नावाचे जीवाणू असतात. पिल्ले अंड्यातून निघताच त्या पुड्यांना सोंड लावून ते शोषून घेतात. पुड्या काढून टाकल्या तर पिल्लांची वाढ खुंटते आणि बहुतेक मरतात. झाडाच्या रसात जे पोषण कमी पडते ते हे जीवाणू तयार करून देतात. जपानमधल्या संशोधकांनी मेगाकोप्टाच्या दोन जवळच्या जातींमध्ये या पुड्यांची अदलाबदल केली. तेव्हा शेंगवर्गीय पिकांवर सुखाने वाढणाऱ्या जातीची वीण घटली आणि जिला ती पिके मानवत नव्हती तिची सुधारली. म्हणजे पिकावर कोण तगेल हे किड्याच्या स्वतःच्या अंगापेक्षा त्याच्या आईने ठेवलेल्या पुडीवर अवलंबून होते. आपल्या पावट्यावरची मेगाकोप्टा क्रिब्रारिया २००९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात प्रथम आढळली आणि काही वर्षांत तिथल्या सोयाबीनची कीड होऊन बसली; तिची ही पुडीही तिच्याबरोबर समुद्र ओलांडून गेली.

मातांचा विषय निघाला आहे तर अंड्यांबद्दलही सांगतो. पेंटाटोमिडीची अंडी लहान पिंपांसारखी, वरती गोल झाकण असलेली, एकमेकांना चिकटवून ओळीत मांडलेली असतात. मी पानामागची जी पुंजकी मोजली त्यांत बऱ्याचदा १४ किंवा २८ अंडी भरली. या कुळातल्या माद्यांच्या प्रत्येक अंडाशयात साधारणतः सात नलिका असतात, दोन्ही मिळून १४. एका खेपेला प्रत्येक नलिकेतून एक अंडे आले की चौदाचा हिशोब जुळतो. पिल्ले निघताना डोक्यावरच्या एका कठीण अवजाराने झाकण उचकटतात आणि पहिली कात टाकेपर्यंत रिकाम्या टरफलांभोवती कोंडाळे करून बसतात. तिथेच टरफलांवर आईने माखलेले जीवाणू ती शोषून घेतात.

बहुतेक जातींत आईचे काम अंडी घालण्याबरोबर संपते. काही जातींत मात्र ती थांबते. स्वीडनच्या शार्ल द गेरने अठराव्या शतकात बर्चच्या झाडावरची ढालकिड्याची मादी पिल्लांची राखण करते असे लिहिले होते, आणि पुढे फ्रान्सच्या फाब्रने ते नाकारले. फाब्र अतिशय बारकाईने पाहणारा होता, पण त्याने पाहिलेल्या जाती वेगळ्या होत्या. द गेरचे म्हणणे नंतरच्या निरीक्षणांनी पक्के केले. आपल्या सह्याद्रीत हे दृश्य पाहायचे असेल तर कँटाओ ऑसेलेटस शोधावा. तो आमच्या कुंपणावरच्या किड्यांच्याच स्क्युटेलरिडी कुळातला, नारिंगी रंगाचा, फिकट कड्यांत बसवल्यासारखे काळे ठिपके असलेला मोठा देखणा किडा आहे आणि चांदाड्यासारख्या झाडांवर राहतो.

मला तो राधानगरीहून दाजीपूरकडे जाताना रस्त्याकडेच्या एका चांदाड्यावर भेटला. पाऊस नुकताच थांबला होता. पानाच्या खालच्या बाजूला मादी अंडी पोटाखाली घेऊन बसली होती, आणि मी पान हळूच वर केले तरी उडाली नाही. माझ्या बोटाच्या बाजूला तिने अंग कलते केले आणि ढाल मधे धरली. अंड्यांच्या कडेला एक मिलीमीटरभर लांबीची काळी गांधीलमाशी घिरट्या घालत होती. ट्रिसोल्कस आणि टेलेनोमस या प्रजातींच्या अशा माश्या ढालकिड्यांच्या अंड्यांत आपले अंडे घालतात आणि मग त्या पिंपातून पिल्लाऐवजी माशी निघते. माशी ज्या बाजूने येई त्या बाजूला मादी झुकत होती. सगळी अंडी तिच्या अंगाखाली मावत नव्हती. कडेची एक ओळ उघडी राहत होती आणि माशी तिथेच पुन्हा पुन्हा येत होती.

अर्ध्या तासाने पुन्हा पाऊस आला. मी पान होते तसे सोडले. दोन दिवसांनी परतताना त्याच पानापाशी थांबलो, तेव्हा मादी जागेवर होती, तिच्या अंगाखालून तांबूस पिल्ले बाहेर डोकावत होती आणि कडेच्या ओळीतली पाच अंडी काळी पडली होती.